उलटतपासणी

लॉजचं नाव टॉवेलातच विणलेलं असतं,
निळ्या अक्षरांत, एका कडेला.
त्या लॉजचे बाराशे नग मीच शिवले होते
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, डझनावर मजुरी,
कड दुमडायची, टीप मारायची, धागा दातानं तोडायचा.
म्हणून अंबादासच्या पिशवीतून तो ओला टॉवेल निघाला
तेव्हा आधी मी टीप बघितली.
माझीच होती. सरळ.

हत्तुरे वकीलबाई म्हणाल्या, नुसत्या टॉवेलावर भागत नाही.
रजिस्टर लागेल, तारीख लागेल, मॅनेजरची साक्ष लागेल,
आणि तिचं नाव. तिलाही पार्टी करावं लागतं,
जाबदार क्रमांक दोन.
भाऊ म्हणाला, ह्याला आत टाकता येत नाही का बाई?
नाही, ते कलम गेलं.
आणि होतं तेव्हाही ते बायकोच्या हातात नव्हतं.
आता लग्न मोडता येतं, तेवढंच.

क्रमांक दोन म्हणजे कलावती दुडम.
बिडी कारखान्यात आम्ही एकाच खिडकीला माल द्यायचो.
माझ्या बिड्या छाटात गेल्या की
ती आपल्यातल्या वीस-पंचवीस माझ्या सुपात सरकवायची,
तोंडानं काही न बोलता.
हे अर्जात कुठं लिहायचं ते मला कळलं नाही.

एप्रिल. बाहेर बेचाळीस.
पंखा न्यायाधीशबाईंच्या डोक्यावर, आमच्या बाजूला फक्त आवाज.
बिराजदार वकील ओरडत नाहीत. चष्मा पुसत विचारतात.
टॉवेल कधी सापडला?
दसऱ्याच्या आधी आठ दिवस.
घर कधी सोडलं?
मार्चमध्ये.
मधल्या पाच महिन्यांत काय झालं?
त्याला डेंग्यू झाला.
शुश्रूषा कोणी केली?
मी.
एकाच खोलीत?
साहेब, दुसऱ्या खोलीत माग आहे. तिथं माणूस मावत नाही.

टायपिस्टनं खटखट केलं:
हे म्हणणे खरे आहे की, टॉवेल सापडल्यानंतर
मी जाबदार क्रमांक एक यांच्यासोबत एकाच खोलीत राहत होते.

अकरा रात्री ओल्या पट्ट्या ठेवल्या.
कशाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.
घरात सुती, जाड, नवं असं एकच कापड होतं.
निळी अक्षरं कपाळाच्या बाजूला येऊ नयेत
म्हणून मी घडी उलटी घालत होते.
मी माफ केलं होतं का?
ताप होता. एकशे चार होता.

मग त्यांनी बाराव्या रात्रीचं विचारलं,
ताप उतरला त्या रात्रीचं.
त्यानं हात धरला होता, मी सोडवला नव्हता.
मी खाली फरशीकडं बघत राहिले.
तेही टाईप झालं:
साक्षीदार उत्तर देत नाही.

बाहेर लिंबाखाली हत्तुरे बाईंनी सांगितलं,
जाणूनबुजून माफ केलं, परत संसारात घेतलं असं ठरलं
तर हे कारण हातातून जातं, भूदेवी.
त्यापेक्षा दोघांच्या संमतीनं घेऊ. सहा महिने लागतील.
सहा महिने कशाला?
मन बदलतंय का बघायला.
म्हणजे आता बदललं तर चालतंय?
बाईंनी फाईल काखेत मारली, पाण्याची बाटली मला दिली.

टॉवेल निशाणी तेवीस होऊन आतच राहिला.
कारकुनानं घडी वाकडी घातली होती, कड लोंबत होती.
मला उठून नीट करावीशी वाटली.

पुढची तारीख घ्यायला परत आत गेले
तर व्हरांड्यातल्या बाकावर कलावती,
समन्सचा कागद वाऱ्यासाठी हलवत.
मला बघून ती सरकली,
एका माणसाची जागा झाली.
मी उभीच राहिले.
पुकारा काही होईना.
मग पाय दुखायला लागले.