उंदराचा वास

स्तेफानियाबाईंच्या प्रयोगशाळेत खिडकी उघडी ठेवायचा नियम होता,
बाहेर बर्फ पडत असला तरी.
एका बाटलीत काकड्या मुरवायच्या व्हिनेगरचा जहाल थोरला भाऊ,
दुसरीत अमोनिया,
झाकण फिरवायच्या आधीच डोळे पुसायला लावणारा.

दोघं एकत्र आले, मीठ झालं.
ते मीठ आम्ही दुपारभर तापवलं.
नळीतून थेंब पडायला लागले तेव्हा झेनोवी म्हणाला,
बाई, हे पाणी कुठलं? आपण तर घातलंच नव्हतं.
बाईंनी खडू खाली ठेवला.
"त्या दोघांचंच. थोडं याचं गेलं, थोडं त्याचं,
तेव्हा कुठे सांधा बसला."

पारा दोनशेवीसवर गेला.
गार पाण्याची नळी मुद्दाम काढून ठेवली होती,
नाहीतर वाटेतच गोठून बसतं.
परीक्षानळीत पांढऱ्या सुया उमलल्या,
आणि वर्गभर उंदराचा वास.
"हा त्याचा वास नाही," बाई म्हणाल्या,
"सोबत आलेल्या घाणीचा आहे. शुद्ध केलं की जातो."
वास त्या दिवशी काही गेला नाही.

सोकालजवळच्या खाणीचा ढिगारा
आतल्या आत जळत असायचा, वर्षानुवर्षं.
एका कोरड्या ऑगस्टमध्ये
झेनोवीला त्याच्या भेगेत तेच स्फटिक दिसले,
कुणी न तापवलेले, कुणी न मोजलेले.
काडेपेटीत घालून तो चार किलोमीटर पळत आला.
उघडली, तर कागद ओला.
हवेतलं पाणी पिऊन सगळं विरघळलं होतं.
मुलं हसली.
बाईंनी पेटी नाकाशी धरली, बराच वेळ,
आणि नोंदवहीत लिहिलं:
अ‍ॅसिटामाइड. ढिगारा, उत्तर बाजू. नमुना शिल्लक नाही.

मी आता ल्विवमध्ये चामड्याच्या कारखान्यात आहे.
कडक कातडं नरम पडावं म्हणून
तेच पांढरं चूर्ण वापरतो, हातमोजे घालून;
उंदरांना त्यानं गाठी होतात असं वाचलंय.
वितळलेलं असलं की ते मीठही पोटात घेतं, तेलही,
असं माणूस मी एकच पाहिलं,
खडू खाली ठेवणारं.

झेनोवीचा फोन मार्चपासून लागत नाही.

परीक्षेला एक प्रश्न ठरलेला असायचा:
यात आम्ल घालून, पाणी परत देऊन उकळलं तर काय होईल?
उत्तर सोपं होतं, दोन गुणांचं.
सांधा सुटतो.
मी तेव्हा पूर्ण गुण मिळवले होते.