पीळ

ग्रिम्सबीच्या गोदीत, धूरघराच्या मागे,
डॅन्बी बंधूंच्या वजनकाट्यापासून
वरच्या कचेरीपर्यंत एक तार टाकायची होती.
एवढंच काम. मी अर्धा दिवस धरलेला.

थोरला कीथ खाली, गुडघाभर रबरी बुटांत,
हॅडॉकच्या पेट्या काट्यावर चढवतो.
धाकटा मॉरिस वर, हिशेबाला.
अकरा वर्षं बोलत नाहीत.
मी कारण विचारलं नव्हतं,
फाटकावरच्या पोरीनंच सांगितलं:
बापाची बोट होती, ती कुणी विकली यावरून.

पिशवी उपसली. कॅट सिक्स आणली होती,
पण इथं वेग घेऊन काय करायचं?
काटा वीस वर्षांचा, दिवसभरात बोलून बोलून
बोलणार दोनशे आकडे.
इथले वैरी वेगळे. खारा वारा, धूर,
आणि शीतगृहाची मोटर,
सुरू होताना भिंतीला हुडहुडी भरवणारी.
म्हणून कॅट फाइव्ह ई, काळ्या जाड सालीची,
आत चिकट जेल, आणि तांबं अस्सल.
अ‍ॅल्युमिनियमवर मुलामा दिलेली स्वस्तातली तार
मी एकदाच वापरली, स्कंथॉर्पच्या एका शाळेत.
अजून त्या रस्त्यानं जात नाही.
अंतर एकेचाळीस मीटर. शंभराच्या आत, चला.

टोक सोललं.
आठ तारा, चार जोड्या, जोडीजोडीला आपापला पीळ.
तो बोटाच्या अर्ध्या पेराहून जास्त उलगडायचा नाही,
नाहीतर बाहेरचा गलका आत शिरतो.
सुंभ जळालं तरी, वगैरे.
आपल्याकडे ती नालस्ती,
इथं तोच गुण.

मग पाढा पुटपुटायचा:
पांढरी-नारिंगी, नारिंगी,
पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी,
पांढरी-तपकिरी, तपकिरी.
बोटं गारठलेली. कीथनं काही न बोलता चहा ठेवला,
त्यालाही धुराचा वास.

दोन्ही टोकं सारखी करून लावली. दिवा लागेना.
तपासयंत्र म्हणतं, तार निर्दोष.
वीस मिनिटं मी तरीही तारेलाच बोल लावत बसले,
मग काट्याच्या पाठीवरची पाटी वाचली
आणि कपाळावर हात मारला.

मधे स्विच नाही.
काटा आणि मॉरिसचा संगणक, दोघे एकाच वयाचे,
समोरच्याचं पाहून आपण बदलावं
हे ज्यांना कुणी शिकवलं नाही अशा जुन्या जातीचे.
दोघे एकाच जोडीवर बोलतात,
दोघे एकाच जोडीला कान लावून बसतात.

एक टोक कापलं.
हिरवी जोडी नारिंगीच्या जागी,
नारिंगी हिरवीच्या.
खट्.
वर पडद्यावर आकडा उमटला: अठरा किलो चारशे.

मॉरिसनं आकड्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे.
"झालं?"
"झालं."
खाली कीथ मान वर करून उभा होता,
तोंड उघडं, आकडा ओठांवर.
ते त्यानं हळूच मिटलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.
अकरा वर्षं या जिन्यातून
"किती?"
"अठरा चारशे!"
एवढंच खाली-वर होत होतं.

बिलावर लिहिलं: उलटी तार, एक.
टोकं तीन, त्यातलं एक वाया.

मंगळवारी फोन आला, तार गेली म्हणे.
काट्याकडचं टोक बाहेर लोंबत होतं,
कडी शाबूत, नुसतं उपसलेलं.
कुणी, हे विचारण्यासारखं नव्हतं.
वरून हाक आली, "किती?"
"एकोणीस दोनशे!
आणि पेटी फुटलीय, तेही लिही!"

मी टोक बाहीला पुसलं,
पिशवी बांधून खिळ्याला अडकवलं.
चहा प्यायले.
फेरीचे पैसे मात्र लावले.
अर्धे वरून आले, अर्धे खालून.