मंगळवारचा वर्ग: स्टिल आणि येट

ग्रिम्सबीत, मंगळवारी साडेसहाला,
मेथडिस्ट हॉलच्या मागच्या खोलीत
हीटर आधी ठोके देतो, मग ऊब.
मासळीच्या कारखान्यातून थेट आलेले चौघे
हात दोनदा धुऊनही
बाह्यांत हॅडॉकचा वास घेऊन
खिडकीकडच्या खुर्च्या धरतात.

मॉरीन थॉर्ली फळ्यावर दोन शब्द लिहिते,
मधे एक उभी रेघ.

मराठीत ही रेघच नाही.
आपण म्हणतो, अजून आला नाही.
आपण म्हणतो, अजून आहे.
एकच किल्ली दोन्ही कुलपांना,
आणि फिरतेही.

इथे तसं चालत नाही.
सुरू झालं आणि थांबलं नाही, ते स्टिल.
व्हायला हवं होतं आणि झालं नाही, ते येट.
स्टिल क्रियापदाला खेटून बसतो, घरच्यासारखा.
येट बहुतेकदा रांगेच्या टोकाला उभा,
नकाराच्या मागे, नाहीतर प्रश्नाच्या,
हातात टोकन धरल्यासारखा.

"गाळलेल्या जागा भरा."
निदालला येट लगेच जमतो:
गृहखात्याचं पत्र आलं नाही येट.
चौदा महिने सराव आहे त्याचा.
बोग्दानला शंका आहे,
'पण' म्हणायलाही येट चालतो ना? पुस्तकात आहे.
चालतो, मॉरीन म्हणते. थकला होता, येट चालत राहिला.
बोग्दान ते वहीत उतरवून
खाली दोन रेघा मारतो.

सेम्हार फळ्यापाशी जाते.
एकेक अक्षर जुळवत लिहिते:
माय हजबंड इज स्टिल.
आणि पूर्णविराम, चांगला ठसठशीत.

"अपुरं आहे," मॉरीन म्हणते.
"स्टिल काय? कुठे? पुढे काहीतरी हवं.
असा शेवटी आला की तो दुसराच शब्द होतो,
निश्चल. हालचाल नसलेला."

सेम्हार ऐकून घेते.
पूर्णविराम बोटाने पुसते,
त्या जागी लिहिते: इन द सी.

व्याकरण अचूक.
स्टिल त्याच्या जागेवर.
ती नेहमी विसरते तो 'द'सुद्धा आज आहे.

मॉरीनची आई अकरा वर्षं
ओव्हनमध्ये एक ताट झाकून ठेवायची.
ट्रॉलर आइसलंडच्या वरच्या अंगाला गेलेला.
शेजारणी विचारायच्या,
ती म्हणायची, आले नाहीत येट.
नऊ वर्षांच्या मॉरीनने एकदा दारातून
नुसतंच सांगितलं, आले नाहीत,
आणि गालावर पाच बोटं उठली.
कोणता शब्द राहिला
हे तिला कोणी समजावलं नाही.

फळ्यावर बरोबरची खूण करायची असते.
टोपण काढलेला मार्कर हातात वाळत राहतो.
बाहेर बॅडमिंटनवाले आलेत,
बुटांचे आवाज, कुणीतरी हसतंय.
बोग्दान खुर्च्या एकात एक रचायला लागतो.
सेम्हार कोट चढवते, बटणं चुकवते, पुन्हा लावते.

"फळा पुसू?" निदाल विचारतो.
मॉरीन मान हलवते.
"नॉट," ती म्हणते,
आणि बराच वेळ काही नाही,
"येट."