शहात्तर दिवस

ब्रनो शहरात, लेस्ना वसाहतीत, आठव्या मजल्यावर,
न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात
व्लास्तिमिल चाळीस लिटरची टाकी मांडतोय.
रिकामी. अगदी नागडी काच.
वाळू नाही, खडक नाही, शेवाळाचा धागासुद्धा नाही.
वाळू औषध पिऊन टाकते, म्हणतो तो,
आणि खडक तर तिच्याहून बेवडा.

तळाशी पांढऱ्या पीव्हीसीचे तीन तुकडे,
कोपरात वाकलेले,
खालच्या प्लंबरकडून बिअरच्या बदल्यात मिळालेले.
घाबरलेल्याला घर नको असतं,
आडोसा हवा असतो.

तीन बाजूंना तपकिरी कागद.
वर जाळीचं झाकण, कारण हा मासा उडी मारतो
आणि उडी मारताना
पलीकडे फरशी आहे की समुद्र, ते बघत नाही.

या देशाला समुद्र नाही.
तरी जिन्यात भेटली की इथली माणसं
खलाशांसारखी ‘अहोय’ म्हणतात एकमेकांना
आणि पिशव्या घेऊन भाजीला जातात.
व्लास्तिमिलचा समुद्र पोत्यातून येतो,
लिफ्ट बंद असेल तर खांद्यावरून.
लिटरला पस्तीस ग्रॅम.
रात्रभर बादलीत मोटर घुमते
आणि यार्मिला उशीखाली डोकं घालून म्हणते,
तुझ्या भरतीला झोप नाही का रे?

स्पंज तीन आठवडे वेगळ्या डब्यात मुरवलाय,
कोळंबीचा तुकडा सडवून,
की त्यात न दिसणारी, घाण खाणारी वस्ती रुजावी.
काचेला आतून एक चकती चिकटवलीय:
पिवळी असेल तर सगळं ठीक,
हिरवी झाली की धाव.

लाल बादली, लाल फडकं, लाल दांड्याची जाळी.
यातलं काही मोठ्या टाकीला शिवायचं नाही,
तिथलं इथे आणायचं नाही.
सोवळ्याची घरंसुद्धा हार मानतील अशी शिस्त,
आणि ती यार्मिलाची.
सांसर्गिक वॉर्डात तीस वर्षं हेच केलं, म्हणते,
फक्त माझे रोगी खोकायचे.

मागल्या ऑक्टोबरात यातलं काहीच नव्हतं.
निळा सर्जन आणला, ट्रॅममधून, कोटाच्या आत धरून.
पिशवी तासभर तरंगवली. सोडला.
किती सुंदर पोहला पहिल्या संध्याकाळी!
मग पंखांवर दाणे उमटले,
मिठातल्या जिवावर मीठच फुटावं तसे.
मासे दगडांना अंग घासत राहिले.
काही महिने तग धरला त्यांनी, औषधाने, आशेने.
शेवटी अकरा.
त्यात राद्काची क्लाउनफिशची जोडी,
ओस्त्रावाला नांदायला जाताना
‘नऊ वर्षांची झालीत, बाबा’ म्हणून ठेवून गेलेली.

मोठ्या टाकीत आता फक्त प्रवाळ,
दिवा, पंप,
आणि डोळ्यांना न दिसणारं काहीतरी
जे अंग शोधत फिरतं
आणि अंग मिळालं नाही तर मरतं.
शहात्तर दिवस लागतात म्हणे. शहात्तर, पंचाहत्तर नाही.
औषधांच्या दुकानाच्या कॅलेंडरवर
आज एकसष्टावी फुली.

दुपारी थर्माकोलचा डबा आला.
आत पिशवी, पिशवीत वर्तमानपत्राच्या लिपीतली
कुठलीतरी न वाचता येणारी बेटं,
आणि बोटाएवढा फायरफिश,
अर्धा दूध, अर्धा विस्तव.
तो थेट नळीत शिरला.
तास गेला. दुसरा गेला.
व्लास्तिमिल स्टुलावर, दिवा न लावता.
उद्यापासून तांबं, थेंबाथेंबानं, घाई नाही.
आज नुसतं बघायचं:
नळीच्या तोंडाशी एक शुभ्र काडी
हलते, थांबते, हलते.

फोन वाजला. राद्का.
त्याने हात कोपरापर्यंत धुतले,
साबणाने, दोनदा,
आणि मगच उचलला.
ती हवामानाबद्दल बोलली, पोरांच्या दातांबद्दल,
मग सवयीने विचारलं,
आणि माझी जोडी?

नळीतून तो अर्धा बाहेर आला होता.
राद्का, म्हणाला व्लास्तिमिल,
बस जरा. खुर्ची आहे ना जवळ?