अडीच आटे

वरच्या मागच्या खोलीतला तापत नाही,
बाबा फोनवर एवढंच म्हणाले
आणि हवामानाकडे वळले:
उणे चार, नदीवर धुकं,
बेकरीसमोर कुणीतरी घसरून पडलं.

शनिवारी मी डंडीला गेले.
स्वयंपाकघरातला रेडिएटर रसरसलेला,
त्यावर वाळत घातलेले मोजे पापडासारखे कडक.
जिन्यातला कोमट.
आणि वर, मागच्या खोलीत,
भिंतीला टेकलेलं ते पांढरं लोखंड
गार. मढ्यासारखं, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

बाबांनी दारातच खुर्ची टाकली, आत आले नाहीत.
चाळीस वर्षं गोदीत पाइप जोडलेला माणूस,
आता गुडघ्यांवर पंजे ठेवून बसलेला.
"आधी हात लाव. कुठं गार आहे, वर का खाली?"
वर गार असेल तर आत हवा कोंडलीय.
खाली गार असेल तर गाळ बसलाय.
"सगळाच गार आहे," मी म्हटलं.
त्यावर काही बोलले नाहीत.

तरी मी पितळी चावी लावली,
पाव फेरा, खाली चहाचा कप धरून.
फुस्स झालं नाही. काळपट पाणी आलं
दोन थेंब, चार थेंब.
मग आकडेवाली मूठ काढली,
आतली खीळ दाबून पाहिली: खाली जाते, वर येते,
तिचं काही दुखत नव्हतं.

राहिली दुसऱ्या टोकाची टोपी,
जिला कुणी कधी हात लावत नाही.
तिच्यावरून रंग फिरवलेला, दोनदा तरी,
पाइप, टोपी, भिंत, सगळं एकाच पांढऱ्यात.
सुरीनं रंग कापला. टोपी निघाली.
पाना लावला, उजवीकडे फिरेना.
पूर्ण बंद होती. बिघडली नव्हती,
बंद केलेली होती.

मी मागं वळून पाहिलं नाही.
ही रूअरीची खोली.
अकरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत
दार आपटून गेला तो; त्या धक्क्यानं
खालच्या मजल्यावरची बशी फुटली, ते आई
शेवटपर्यंत सांगायची. बशीबद्दलच बोलायची.
कशावरून भांडण झालं, ते
मला आजही नीट माहीत नाही.

"रिकामी खोली कशाला तापवायची,"
दारातून आवाज आला,
मी काही विचारलं नसताना.
मग बराच वेळ फक्त खुर्चीची करकर.
मग, "अडीच."
"काय?"
"अडीच आटे उघड. तेवढीच होती."

गोदीतला पहिला धडा, मला लहानपणापासून पाठ:
झडप बंद करताना आटे मोजायचे,
नाहीतर परत जागेवर कशी आणणार?
म्हणजे त्या रात्री, आई खाली काचा गोळा करत असताना,
हा माणूस इथं ओणवा होऊन
मोजत होता.

एक. काहीच नाही.
दोन. पाइप बोटं मोडल्यासारखा कडकडला.
आणि अर्धा.
पाणी आत शिरल्याचा आवाज मी पहिल्यांदाच
इतक्या जवळून ऐकला, कुणीतरी भिंतीत
घसा साफ करत असावं तसा.

"आता खालचा थोडा आवळ," बाबा म्हणाले,
"नाहीतर स्वयंपाकघरच सगळं पिऊन टाकेल.
मला तिथं एवढं लागत नाही."
खिडकीच्या कठड्यावर, साबणाच्या मागं,
एक पोस्टकार्ड टेकवलेलं मी सकाळीच पाहिलं होतं,
तिरकं अक्षर, शेवटी "गुरुवारी".
त्यांनी ते लपवलं नव्हतं, दाखवलंही नव्हतं.
मी खालचा पाव आटा आवळला.

रात्री दोनला जिना वाजला,
एकेक पायरी, मध्ये थांबत,
दुखऱ्या गुडघ्यांची चाल.
मी उठले नाही.

सकाळी रेडिएटरवर
त्यांचा कप होता, तळाशी थोडा चहा
अजून कोमट,
आणि गालिच्यावरचे रंगाचे सगळे टवके
कुणीतरी वेचून नेले होते.