हातचा

डुलूथचा फेब्रुवारी. सुपीरियर गोठलेलं
नजर जाईल तिथपर्यंत;
खनिजाची जहाजं धक्क्याला बांधून, झोपलेली.
पतसंस्थेत तिसऱ्या टेबलाशी मी
आणि समोर व्हर्ना लाहती,
वय अडुसष्ट,
शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त,
मांडीवर कॉफीचा जुना डबा.

तळघरातली भट्टी बंद पडलीये, म्हणाली.
नवी सहा हजार चारशेची.
बाकी काही नको.

मी नाव टाइप केलं, जन्मतारीख,
ओळखक्रमांकाचे शेवटचे चार आकडे.
पडद्यावर उमटलं : सहाशे अकरा.
आमची रेघ सहाशे चाळीसला.

"एकोणतीस कमी," मी म्हटलं.
"नापास झालेल्या पोरांना," ती म्हणाली,
"मी नेहमी डावभर जास्त वाढायचे."

मग तिने डबा उघडला.
रबर लावलेल्या पावत्या,
विजेच्या, पाण्याच्या, गॅसच्या,
चौऱ्याण्णव सालापासून एकही तारीख न चुकलेली.
कसं सांगू तिला
की वेळेवर भरलेल्या बिलाची चहाडी
कुणी वर जाऊन करत नाही?
चुकलेल्याची मात्र करतात.

कार्ड रेनोच्या नावावर होतं.
एकतीस वर्षं त्यावरच किराणा, टायर, नाताळ;
ती नुसती जोडलेली, दुसऱ्या नावाची.
गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात रेनो गेला.
बँकेने सांत्वनाचं पत्र धाडलं,
चांगल्या कागदावर,
आणि खातं मिटलं.
त्यासोबत मिटली तिचीही एकतीस वर्षं.
आता तिचं सर्वांत जुनं खातं दीड वर्षाचं :
उशाकडून वर होणारी ती खाट,
हप्त्यांनी घेतलेली,
ज्यावर तो जेमतेम सात आठवडे झोपला.

आणि खाली, लाल अक्षरांत, नऊशे चाळीस.
अँब्युलन्सचे.
विमा कंपनी म्हणाली भरू, मग म्हणाली नाही,
मग म्हणाली पुन्हा अर्ज करा,
तोवर बिल वसुलीवाल्यांच्या दारात.
पडद्यावर 'रेनो' असं कुठेच नाही.
पडद्यावर फक्त
'खात्यांचं सरासरी वय कमी',
'एक रक्कम थकीत'.

शाळेत शिकलो होतो :
नऊ आणि चार तेरा, तीन मांडा, हातचा एक.
या हिशेबात हातचा धरतच नाहीत.

शिवाय आज मी विचारणा केली,
तेवढ्यानेही चार-पाच गुण घसरतील.
मागितल्यानेच उणं होतं इथे.
हे मी तिला सांगितलं.
का सांगितलं, कोण जाणे.

माझा स्वतःचा आकडा सातशे नव्वद.
मी अजून कुणाला गमावलेलं नाही.

"एक वाट आहे," मी म्हटलं.
"पाचशे डॉलर इथे ठेवा, आम्ही त्याला कुलूप लावू.
तेवढेच तुम्हाला कर्जाऊ देऊ.
वर्षभर फेडलंत, की आकडा हळूहळू चढेल."
"म्हणजे माझेच पैसे मी मला उसने देणार,
आणि व्याज तुम्ही घेणार?"
"हो."
ती इतकी हसली
की काउंटरवरची पोरगी नोटा मोजताना चुकली
आणि पुन्हा एकपासून लागली.

नकाराचं पत्र छापून दिलं. कारणांसकट; कायदाच आहे तसा.
तिने ते घडी घालून
डब्यात ठेवलं, पावत्यांच्या वर,
जणू तीही एक भरलेली रक्कम.
पत म्हणजे, मला लहानपणी वाटायचं,
शेजाऱ्याने न विचारता दिलेली शिडी.

परवा तिच्या गल्लीतून गेलो.
आसपासच्या छपरांवरून बर्फ ओघळलेला,
घरातल्या उबेने.
तिच्या छपरावर मात्र अख्खा,
जाड, कोरा.
मागच्या बाजूला, स्वयंपाकघराची
एकच काच वाफेने धुरकटलेली,
आणि तिच्यावर बोटाने कुणीतरी
काहीतरी मांडत होतं,
एकाखाली एक.