किरकोळ

विभागप्रमुख झाले तेव्हा हातात चाव्यांचा जुडगा आला.
त्यातल्या चार कशाच्या, हे आधीच्या उपाध्येसरांनाही ठाऊक नव्हतं.
"असू द्या," म्हणाले, "कधीतरी कुलूप सापडेल."

लोकांना वाटतं, मी दिवसभर हस्तलिखितं वाचते.
मी कोटेशनं वाचते.
दमट हवा ओढणाऱ्या यंत्रासाठी तीन, वाळवीच्या औषधासाठी तीन.
सर्वांत स्वस्त तो,
ज्याला वाळवी आणि कसर यांतला फरक कळत नाही.
मधूनच वरून फोन येतो:
"मॅडम, स्कॅन झालं ना सगळं? मग?"
ह्या 'मग'चं उत्तर
गेली नऊ वर्षं मी मसुद्यात ठेवलंय.

गणेशखिंड रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते,
धूळ दोन खिडक्या आणि एक पडदा ओलांडून आत यायची.
दस्तगीर रोज मऊ ब्रशनं फळ्या झाडायचा,
धूळ कागदाच्या पुडीत बांधायचा, वर तारीख घालायचा.
"हे कशाला रे?"
"तुम्हीच म्हणता ना, काही फेकायचं नाही."

रुमाल दोनशे बारा खाली आला तो जुलैत.
मांजरपाटाचा. गाठ इतकी जुनी
की सोडवताना आधी कापडच हरलं.
वर चिठ्ठी, कुणा पूर्वसुरीच्या सुबक अक्षरात:
किरकोळ.
देणाऱ्याचं नाव नाही, दाखल तारीख नाही.

प्रणोती मोडी वाचते. हंगामी नेमणूक.
दर अकरा महिन्यांनी एक दिवस
ती कागदोपत्री आमच्यात नसते.
तिनं भिंग धरलं आणि हसली,
"परटाचा हिशोब आहे हो, मॅडम."

शके अठराशे अठरा, सोमवार पेठ.
लुगडी चार, धोतरं तीन, अंगरखे दोन, पंचा एक.
पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या तेच.
एकदा उपरणं हरवल्याची तक्रार, दोन पैसे कापले.
ती वाचत होती, मी एकीकडे वार्षिक अहवालात
वाचकसंख्या भरत होते.
माघात तिचा आवाज थांबला.

"काय झालं? अक्षर लागत नाही?"

"लागतंय."

धोतरं नाहीत. अंगरखे नाहीत.
लुगडी तीन.
आलवण एक.

तीन आठवडे तसंच. मग त्या घराचं नावच नाही.
लिहिणाऱ्यानं तिथं दुसरं घर घेतलंय,
त्याच शाईत, तितक्याच सरळ ओळीत.
दस्तगीर शिडीवरून कधी उतरला, कळलं नाही.
यंत्र तेवढं घुरघुरत होतं.

यादीतली नोंद दुरुस्त करायची तर समितीचा तक्ता भरावा लागतो.
त्यात 'महत्त्व' ह्या रकान्याला
सव्वादोन इंच जागा आहे. मी पट्टीनं मोजली.
'किरकोळ' खोडून टाकावं, असं फार वाटलं.
पण आम्ही खोडत नाही,
आधीच्याची चूकही दाखल असते.
तिच्याखाली शिसपेन्सिलीनं लिहिलं
(आमच्या खोलीत शाईला बंदी आहे, मलाही):
परटाचा हिशोब. अनेक घरं. त्यातलं एक माघापर्यंत.
मग थोडं थांबून, तपशील म्हणून:
आलवण एक.

सहाला यंत्र बंद केलं.
तळाचं भांडं भरलं होतं,
कागदांच्या आसपासच्या हवेतून ओढलेलं तीन लिटर पाणी.
ते ओतणं माझ्या कामात बसत नाही.
तरी मीच नेते, मागच्या अनंताच्या बुंध्याशी.
आज ओतताना क्षणभर वाटलं,
ह्यात त्या घाटावरचंही थोडं असेल का.
असं काही नसतं. पुण्याचं पाणी, जुलैतलं, हवेतलं.
पण भांडं एकदम उलटं करवलं नाही.

उद्या वाळवीवाला येणार आहे.
सर्वांत स्वस्त.